हिमालयनवर विंड डिफ्लेक्टर आणि ऑक्स लाइट एकत्र बसवताना: एका गाडीचं पूर्ण प्रकरण

गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन 411, बीएस6 मॉडेल. मालक साताऱ्यातले एक काका, वय पन्नाशीच्या पुढे, उंची सहा फुटाला टेकलेली, सुट्टी मिळाली की काकूंना मागे बसवून कधी आंबोली मार्गे गोवा तर कधी हुबळी हंपी. तक्रार अशी की हायवेला 70 च्या पुढे गेलं की हेल्मेट हलायला लागतं, 80 ला डोळ्यासमोरचं सगळं थरथरतं, आणि कोल्हापूर यायच्या आत मान आखडते. बरोबर आणलेलं सामान: कंपनीच्या काचेवर क्लॅम्पने बसणारा छोटा डिफ्लेक्टर (वारा वळवणारी प्लास्टिकची प्लेट), आणि लेग गार्डवर बसणारे पायाचे दोन डिफ्लेक्टर. गाडीवर आधीपासून 20 वॅटचे दोन एलईडी ऑक्स लाइट (हेडलाइटच्या जोडीला लावतात ते जादा लाइट), हेडलाइटच्या दोन्ही बाजूला, काचेच्या अगदी खाली.

काकांना हे सामान फक्त बसवून पाहिजे होतं. पण बोलता बोलता त्यांनी जे सांगितलं तिथेच मला या केसचा धागा सापडला. म्हणाले, "अरे, गाडी घेतली तेव्हा एवढं नव्हतं रे. हे लाइट बसवल्यापासनं डोकं गदागदा हलतंय, पण कुणाला सांगितलं तर म्हणतात लाइटचा न् वाऱ्याचा काय संबंध." संबंध असतो, आणि चांगला जवळचा असतो.

काचेचं काम कसं चालतं ते आधी बघू. काच वारा अडवते म्हणजे वारा संपत नाही, तो काचेच्या वरच्या कडेवरून उडी मारून मागे येतो आणि काचेच्या मागे हवेचा दाब कमी झालेला असतो म्हणून तो परत खाली आत ओढला जातो, भोवरे तयार होतात आणि ते भोवरे नेमके हनुवटीपासून कपाळापर्यंत कुठेतरी येऊन आदळतात. आपल्याला जे बफेटिंग वाटतं ते हेच, सरळ वारा नाही, गोल फिरणारा तुटक वारा. सरळ वाऱ्याचा मानेला त्रास होतो पण डोकं थरथरत नाही. काचेच्या खालून थोडी हवा आत येऊ दिली तर मागचा कमी झालेला दाब भरून निघतो आणि भोवरे शांत होतात. हिमालयन 411 ला हेडलाइट आणि काच यांच्यामध्ये जी मोकळी फट आहे ती या कामाला येते, आणि काकांच्या गाडीवर ऑक्स लाइट आणि त्यांचे जाड ब्रॅकेट नेमके त्या फटीच्या तोंडाशी बसवलेले होते. वायरिंगचा गुंडाळाही तिथेच कोंबलेला.

पण अंदाजावर स्पॅनर लावायचा नसतो, त्यामुळे आधी तपासणी. पहिली गोष्ट हेल्मेट. काकांचं हेल्मेट ॲडव्हेंचर टाइपचं, पुढे टोपीसारखी पीक असलेलं. पीक हायवेला वारा पकडते आणि डोकं वर मागे ओढते. ती काढून बघितली तर ओढ कमी झाली, थरथर मात्र राहिली. म्हणजे पीक थोडी गुन्हेगार होती, मुख्य नाही. मग फुटपेगवर किंचित उभं राहून डोकं काचेच्या वरच्या मोकळ्या हवेत नेऊन बघायला सांगितलं, तिथे आवाज मोठा पण थरथर गायब. खाली वाकून हनुवटी टाकीजवळ नेली, तिथेही शांत. म्हणजे भोवऱ्यांचा पट्टा बरोबर बसलेल्या डोक्याच्या उंचीला. (हे सगळं सकाळी लवकर, नागठाण्याच्या पुढच्या सरळ मोकळ्या पट्ट्यात, मागे कुणी नसताना, आणि तेसुद्धा क्षणभरच. ट्रॅफिकमध्ये असले प्रयोग करू नका.)

तिसरी तपासणी मला सगळ्यात आवडते कारण तिच्यात वारा डोळ्यांना दिसतो. लोकरीचे बोटभर लांबीचे धागे काचेच्या वरच्या कडेला, दोन्ही बाजूंना, टाकीवर आणि लेग गार्डवर टेपने चिकटवायचे आणि शेजारून दुसऱ्या गाडीच्या मागच्या सीटवरून मोबाइलवर शूटिंग घ्यायचं. धागा सरळ मागे ताणलेला राहिला तर वारा सरळ, गोल गोल फिरला तर भोवरा, आणि धागा उलटा पुढे वळला तर तिथे हवा मागून पुढे ओढली जातेय. काकांच्या गाडीवर काचेच्या मागच्या बाजूचे धागे उलटे, काचेकडे तोंड करून उभे राहिलेले, आणि टाकीवरचे धागे वरच्या दिशेला फडफडत होते. म्हणजे काचेच्या खालून यायला पाहिजे ती हवा येतच नव्हती, आणि त्याऐवजी फोर्कच्या बाजूने, लाइटच्या कडेला आपटून तुटलेला वारा वर छातीवर येत होता. पक्कं करायला दोन्ही ऑक्स लाइट ब्रॅकेटसकट काढले आणि बाकी काहीही न बदलता त्याच पट्ट्यात परत गाडी काढली. काका परत आले ते हसतच.

इथे एक गणित सांगतो, कारण बरेच जण म्हणतात की मी तर 80 च्या वर जातच नाही, मला कशाला डिफ्लेक्टर. वाऱ्याचा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो. आपण 80 ने चाललोय आणि समोरून 20 चा वारा आहे तर अंगावर येणारी हवा 100 ची, आणि 80 च्या तुलनेत तिचा जोर साधारण 56 टक्के जास्त. सातारा कराड पट्ट्यात किंवा सोलापूरकडच्या उघड्या माळावर हा वारा दुपारी असतोच. म्हणजे कायद्याने चार पदरी हायवेला बाइकची जी 80 ची मर्यादा आहे तिच्या आत राहूनही शरीराला 100 चा मार बसू शकतो. काकांची मान आखडायची ती बहुतेक परतीच्या दुपारीच, ते याच्यामुळे.

आता निर्णय. जर लाइट काढल्याने एवढा फरक पडतोय तर डिफ्लेक्टर पाहिजेच का? पाहिजे होता, कारण काकांची उंची. कंपनीची काच मध्यम उंचीच्या माणसाला धरून असते, सहा फुटी माणसाचं अर्धं हेल्मेट तिच्या वर राहतं, आणि लाइट काढूनही वरच्या कडेचा वारा हेल्मेटच्या मध्यावर येत होताच, फक्त तो आता शांत होता. आणि लाइट तर पाहिजेतच, रात्रीचा आंबोली घाट आणि पावसाळ्यातलं कास बिनलाइटचं करायला मी सांगणार नाही. तर प्रश्न जागेचा होता. आणि माझं मत असं की दोन्ही गोष्टी एकाच गाडीवर बसवायच्या असतील तर आधी लाइटची जागा ठरवायची, मग वाऱ्याची. उलट केलं की लाइट उरलेल्या जागेत कोंबला जातो आणि मग ना उजेड नीट पडतो ना वारा नीट जातो.

लाइट खाली लेग गार्डवर नेले. याची कारणं वाऱ्यापलीकडची पण आहेत. धुक्यात लाइट जितका खाली तितका चांगला, कारण डोळ्यांच्या जवळून निघालेला उजेड धुक्यावर आपटून सरळ डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत दिसते, खालून निघालेला उजेड रस्त्याच्या कडेला पसरतो. पिवळी लेन्स असली तर डोळ्यांना आणखी बरं वाटतं, काकांच्या लाइटवर पिवळं कव्हर होतं ते तसंच ठेवलं. दुसरं म्हणजे एलईडीच्या मागच्या फिन्सना थंड राहायला वारा लागतो आणि लेग गार्डवर तो भरपूर मिळतो. तोटा पण आहे: गाडी पडली तर पहिला मार लाइटला, आणि लेग गार्डचा पाइप बारीक असेल तर उजेड नाचतो. म्हणून क्लॅम्प पाइपच्या बेंडजवळ, जिथे पाइप फ्रेमला बोल्ट झालाय त्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं, आणि आत रबराची पट्टी.

आणि इथेच पायाच्या डिफ्लेक्टरशी भांडण सुरू झालं. त्यांचे क्लॅम्पसुद्धा नेमके त्याच बेंडवर बसतात. हे डिफ्लेक्टर आधी एका दुकानात बसवून बघितलेले, तिथे त्यांनी लाइट डिफ्लेक्टरच्या मागे ठेवून दिलेला, म्हणजे लाइटचा उजेड पारदर्शक प्लास्टिकमधून पुढे जाणार. काका म्हणाले रात्री दोन्ही गुडघ्यांजवळ ट्यूबलाइट पेटल्यासारखं दिसायचं. ते खरंच तसंच होतं, पारदर्शक ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटमध्ये शिरलेला उजेड आतल्या आत परावर्तित होत होत कडेपर्यंत जातो आणि कडेतून बाहेर पडतो, म्हणून पूर्ण कड उजळते. ही उजळलेली कड रात्री डोळ्याच्या कोपऱ्यात सतत राहते, बाहुली आकसते, आणि अंधारातला खड्डा उशिरा दिसतो. ऑक्स लाइट लावायचा सगळा हेतूच वाया.

म्हणून नियम ठरवला की लाइटची लेन्स डिफ्लेक्टरच्या पुढच्या कडेच्या किमान तीन बोटं पुढे पाहिजे, आणि लाइटच्या बाजूने बघितलं तर डिफ्लेक्टरचा कुठलाही भाग उजेडात येता कामा नये. लाइट बेंडवर ठेवले आणि डिफ्लेक्टरचा क्लॅम्प खाली मागे सरकवला, त्यासाठी लांब बोल्ट आणि दोन स्पेसर लागले, एवढंच. डिफ्लेक्टरच्या कडेला गाडीच्या दरवाज्याला लावतात ती काळी रबर बीडिंग लावली, आणि आतल्या बाजूला खालच्या अर्ध्या भागात मॅट काळी फिल्म. रात्री अंधारात उभं करून सीटवरून बघितलं, कड काळी, गुडघे काळे, रस्ता पिवळा. पाहिजे तसं.

पायाच्या डिफ्लेक्टरबद्दल माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे ते बारा महिने ठेवू नयेत. 411 चं इंजिन हवा आणि ऑइलवर थंड होतं, पुढे ऑइल कूलर आहे, आणि एप्रिल मे मध्ये गरम हवा पायांवरून बाहेर जायला वाट लागते. वाट अडवली की नडग्या भाजतात, आणि इंजिनलाही ते बरं नाही. पावसात आणि डिसेंबरच्या पहाटे मात्र हेच डिफ्लेक्टर सोन्यासारखे, बुटात पाणी जायचं बरंच कमी होतं. म्हणून काकांच्या गाडीवर क्लॅम्प कायमचे आणि प्लेट हाताने फिरवायच्या नॉबवर, काढायला दोन मिनिटं. प्लेट काढली तरी लाइट जागचे हलत नाहीत, हे मुद्दाम बघितलं, कारण एकाच बोल्टवर दोन्ही बसवले असते तर दर वेळी लाइटचा ॲंगल बिघडला असता.

मग वरचा डिफ्लेक्टर. लोक मोठ्यात मोठा घेतात आणि डोळ्यांच्या वर नेऊन ठेवतात, तसं करू नका. नजर प्लास्टिकच्या वरून गेली पाहिजे, आरपार नाही, पावसात आणि रात्री समोरच्या ट्रकचे लाइट ओरखड्यांवर फुटून काहीच दिसत नाही. काकांचा हाताएवढा रुंद होता तो पुरेसा. काचेला चिकटवून न बसवता मध्ये बोटभर फट ठेवली, त्या फटीतून जाणारा वारा कडेवरचा भोवरा मोडतो. सुरुवात सगळ्यात खालच्या, जवळजवळ सपाट ॲंगलपासून करायची आणि एका वेळी थोडं थोडं उभं करत जायचं, प्रत्येक वेळी त्याच रस्त्यावर त्याच दिशेला. उभा जास्त केला की वारा हेल्मेटच्या वरून जातो खरा पण मागच्या पोकळीत परत भोवरे येतात. धाग्यांनी इथे परत मदत केली, काचेमागचे धागे निवांत लोंबायला लागले तो ॲंगल बरोबर.

बसवताना एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो. या प्लास्टिकच्या कुठल्याही बोल्टला थ्रेडलॉकर लावू नका, तो लाल निळा गोंद जो इंजिनच्या बोल्टला आपण लावतो तो. पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिक दोन्हीला तो आतून तडे पाडतो, आज ठीक दिसतं आणि काही दिवसांनी भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा येतात, मग एक दिवस हायवेला तुकडा सुटून छातीवर. नायलॉन इन्सर्टवाला लॉक नट वापरा, खाली रबर आणि नायलॉनचा वॉशर, आणि हाताला लागेल एवढाच टाइट. भोक पाडायची वेळ आलीच तर बोल्टपेक्षा मिलिमीटरभर मोठं पाडा, उन्हात प्लास्टिक फुगतं त्याला जागा पाहिजे. पुसायला साबणपाणी आणि मऊ कापड, अमोनियाचं काच पुसायचं लिक्विड नको आणि पेट्रोलचा बोळा तर अजिबातच नको.

हँडल फुल लॉक टु लॉक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फिरवून बघणं राहून जातं लोकांचं. हिमालयन 411 ची काच आणि हेडलाइट फ्रेमवर आहेत, हँडलबरोबर वळत नाहीत. वाऱ्याच्या दृष्टीने हे फार चांगलं, कारण डिफ्लेक्टरवर आडवा वारा आपटला तरी तो थेट स्टिअरिंगला झटका देत नाही. पण हँडगार्ड, क्लच केबल आणि ब्रेकची होज मात्र हँडलबरोबर फिरतात आणि स्थिर डिफ्लेक्टरला घासू शकतात. काकांच्या गाडीवर डावा हँडगार्ड कडेला अलगद लागत होता, डिफ्लेक्टर मधोमध न ठेवता अर्धा सेंटिमीटर उजवीकडे सरकवला आणि प्रश्न मिटला. दिसायला कुणाला कळत पण नाही.

वायरिंग लाइट हलवल्यावर नवीनच केलं. बॅटरीच्या प्लसवरून आधी फ्यूज, मग रिलेच्या (छोट्या करंटवर मोठा करंट चालू बंद करणारा स्विच) 30 नंबर पिनला, 87 वरून लाइटला, 86 ला ट्रिगर म्हणजे रिले चालू करणारी वायर, आणि 85 अर्थ. दोन्ही लाइट मिळून 40 वॅट म्हणजे 12 व्होल्टला साधारण सव्वातीन अँपिअर, त्याला 5 चा फ्यूज पुरतो, दुकानवाले 15 चा टाकून देतात तेव्हा वायर जळेपर्यंत फ्यूज उडत नाही. ट्रिगर इग्निशनच्या लाइनवरून कपलर लावून घेतला, गाडीचं मूळ वायरिंग कुठेही न कापता, आणि मध्ये हँडलवर वेगळा स्विच. 2017 च्या एप्रिलपासून नवीन दुचाकींना हेडलाइट कायम चालू असतो त्यामुळे ऑक्स लाइट त्या लाइनला जोडले तर तेही कायम चालू राहतात, आणि ते कुणालाच नको असतं. समोरून गाडी आली की बंद करता आले पाहिजेत.

कायद्याचं पण काकांना नीट सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल करायला मनाई करतं आणि सुप्रीम कोर्टानेही 2019 मध्ये ते उचलून धरलंय, शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला 111 नंबरचा नियम समोर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावू देत नाही. म्हणून लांब फेकणारा अरुंद झोताचा लाइट नाही, रुंद पसरणारा खालचा उजेड, आणि शहरात कव्हर घालून बंद. लाइटवरून कुणी अडवून विचारलंच तर वाद घालू नका, आणि समोरच्याला आंधळं करणारा लाइट असेल तर दंड झालाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

लाइटचा ॲंगल भिंतीवर सेट केला. सपाट जागा, भिंतीपासून 10 मीटर, टायरची हवा बरोबर, आणि सीटवर काका स्वतः बसलेले. लाइटची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने मारायची आणि उजेडाची वरची कड त्या रेषेच्या साधारण 20 सेंटिमीटर खाली आणायची.

यानंतरची खरी परीक्षा ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या मधून. तिथला आडवा वारा कुठलीही ढिली गोष्ट बोलती करतो. गाडी वाऱ्याच्या झटक्याला आधीइतकीच सरकत होती, जास्त नाही, म्हणजे डिफ्लेक्टरने नवीन दुखणं आणलं नव्हतं. हायवेला 80 वर थरथर गेली. वाऱ्याचा आवाज मात्र राहिला, थोडा कमी झाला इतकंच, आणि तो जाणारही नाही, हेल्मेटच्या आत हायवेला 90 डेसिबलच्या वर आवाज असतो त्याला फोमचे इअरप्लग हाच उपाय. ट्रकच्या मागे गेलं की बफेटिंग परत येतं, कारण ते भोवरे ट्रकचे असतात, तिथे ओव्हरटेक करा नाहीतर अंतर वाढवा.

एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात नव्हती ती काकूंनी सांगितली. काका एकटे खूश, पण काकू मागे बसल्या तर त्यांचं हेल्मेट हलायला लागलं, आधी असं होत नव्हतं. काकांच्या डोक्यावरून शांत गेलेला वारा मागे खाली येऊन त्यांच्या कपाळावर फुटत होता. डिफ्लेक्टर एक खाच खाली केला तर काकूंचं थांबलं, काकांना हेल्मेटच्या वरच्या टोकाला थोडा सरळ वारा लागायला लागला पण त्यांनी लगेच सांगितलं की हे चालेल, तिला त्रास नको. दोघं आणि टॉप बॉक्स म्हटल्यावर मागचा सस्पेन्शन बसतो, गाडीचं नाक वर येतं आणि लाइटची कडही वर जाते, म्हणजे ज्या दिवशी डिफ्लेक्टर खाली करायचा त्याच दिवशी लाइटही खाली करायचा. म्हणून दोन्हींच्या क्लॅम्पवर पेंट मार्करने दोन दोन खुणा केल्यात, पांढरी एकट्याची आणि पिवळी दोघांची, आणि सीटखालच्या टूलकिटमध्ये त्या मापाची एकच ॲलन की वेगळी बांधून ठेवलीय. पहिल्या 500 किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प एकदा हाताने हलवून बघायचे ठरलंय, रबर दबून बसतं आणि बोल्ट तेवढ्याने ढिले होतात.